ताई बापट आज प्रवास करणार नाहीत

हसणार नसाल तर सांगते. हसणारच असाल तर आधी हातातला चहा संपवा. मागच्या वेळी हे सांगत होते तेव्हा एकीच्या नाकातून चहा बाहेर आला, आणि सोफा माझा होता.

तर झालं असं, की मला विमानातून उतरवलं. चढायच्या आधीच. आणि उतरवणारी दुसरीतिसरी कोणी नाही, मीच.

थांबा, पहिल्यापासून सांगते.

आम्ही वेलिंग्टनला, जॉन्सनव्हिलमध्ये राहतो. माझा धाकटा भाऊ निनाद क्राइस्टचर्चला, रिकार्टनमध्ये. त्याला मुलगी झाली आणि बारसं ठरलं. आता बारसं म्हटलं की आत्या आली. बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं, आणि सांगताना मागच्या बायकांचे पाठीत धपाटे खायचे, हा मान आत्याचा. आणि मी एकुलती एक सख्खी आत्या. पोरगी जन्मल्यापासून मी आरशासमोर कुर्रर्रचा सराव करत होते. सुधीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वाटलं घशाला काहीतरी झालंय.

पण क्राइस्टचर्चमध्येच आमची चुलत बहीण शलाका राहते. शलाका वाईट नाहीये हो. शलाका फक्त तयार असते. कुठल्याही प्रसंगाला, कुठल्याही साडीत. निनाद फोनवर सहज बोलून गेला, "ताई, तू टेन्शन घेऊ नकोस गं. नाहीच जमलं तुला, तर शलाका आहे."

ते 'शलाका आहे' माझ्या डोक्यात जाऊन बसलं ते बसलंच.

तिकीट निनादने काढलं. आत्याचा मान म्हणून, जायचं आणि यायचं दोन्ही. मेलवर आलं, मी चष्मा लावून उघडलं, आणि बघते तर प्रवाशाचं नाव काय? ताई बापट!

बापट माझं माहेरचं आडनाव. पासपोर्टवर मी मंजिरी सुधीर खरे. ताई बापट नावाची बाई पृथ्वीच्या पाठीवर कुठल्याही सरकारला माहीत नाही.

"निनाद, ही ताई बापट कोण?"

"तू."

"अरे गाढवा, तिकिटावर कोणी ताई लिहितं का?"

"फोनने आपोआप भरलं गं. माझ्या फोनमध्ये तू ताईच आहेस. मंजिरी खरे कोण, हे त्या फोनला काय माहीत? मलाच जरा विचार करावा लागतो."

"मग आता?"

"आता काही नाही. इथे देशातल्या देशात उडताना कोणी काही विचारत नाही. मशीनवर नंबर टाकायचा आणि चढायचं."

"विमान आहे ते, सहा आसनी रिक्षा नाही!"

आता तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं इथे राहते आणि हिला माहीत नाही? नाही माहीत. आम्ही साउथ आयलंडला, म्हणजे निनादच्या बेटावर, जातो ते गाडी बोटीत घालून, कारण सुधीरला प्रवासात स्वतःचा कुकर लागतो. त्यामुळे इथल्या विमानाचा माझा अनुभव शून्य. पण अनुभव नाही म्हणून मत नसावं, असा आमच्या घरात नियम नाही. त्यात मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते.

मी विमान कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी सगळं ऐकून गोड आवाजात म्हणाली, "नो वरीज." बास. एवढंच. 'नो वरीज' या दोन शब्दांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या प्लंबरनेही हेच सांगितलं होतं, आणि मग आम्ही दोन दिवस शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात होतो.

म्हणून मी जर्मनीला फोन लावला. तिथे माझे धाकटे दीर असतात, विनयभाऊजी. कागदपत्रं हा त्यांचा आवडीचा विषय. लोक क्रिकेटवर बोलतात तसे ते व्हिसावर बोलतात.

"वहिनी," ते म्हणाले, "एक गोष्ट लक्षात ठेवा. आपण परदेशी रहिवासी. इथे युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात उडायचं, मध्ये कोणी शिक्कासुद्धा मारत नाही, म्हणून मी एकदा नुसतं रेसिडेन्स कार्ड घेऊन गेलो. माझ्या पुढचा जर्मन माणूस साधं ओळखपत्र दाखवून आत. आणि मला? पासपोर्ट कुठाय? मी म्हटलं घरी. म्हणाले, मग तुम्हीही घरीच. कार्ड सांगतं तुम्ही कुठे राहता. तुम्ही कोण, ते पासपोर्ट सांगतो."

"आणि नाव?"

"अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे."

"माझ्या तिकिटावर ताई बापट आहे."

पलीकडे कसलेतरी कागद चाळल्याचा आवाज आला. मग अत्यंत हळू आवाजात, "वहिनी, तुम्ही ट्रेनने का नाही जात?"

मध्ये समुद्र आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. युरोपचा नियम युरोपचा असतो, हे त्यांनी मला सांगितलं नाही. आणि मला विचारायचं सुचलं नाही! एका माणसाने इतक्या आत्मविश्वासाने घाबरवल्यावर आपण कशाला शंका घेतो?

तिकडे निनादने बारशाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला होता. तो मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितो. 'ताईची फ्लाइट सकाळी' असं त्याने टाकलं, टी ए आय सी एच आय. त्या ग्रुपवर त्याची किवी शेजारीण होती, लिंडा. तिने लगेच विचारलं, "ताय ची पण आहे का? मस्त! मी माझी मॅट घेऊन येते." तिला वाटलं, तो चिनी व्यायामाचा प्रकार. कोणीतरी होकाराचा अंगठा टाकला. कोणी खुलासा केला नाही. मी तर माझ्याच विवंचनेत होते.

कारण मी ठरवलं होतं, की ताई म्हणजे मीच, हे कायदेशीर करून घ्यायचं.

इथे लायब्ररीत जेपी बसतात. जस्टिस ऑफ द पीस. आपल्याकडचा नोटरी असतो तसे, फक्त पैसे घेत नाहीत आणि वर तुमची तब्येत विचारतात. मी गेले तेव्हा एक आजोबा होते, लोकरीची बंडी घातलेले. आमचं सगळं इंग्रजीत चाललं होतं, तुम्हाला मराठीत सांगते.

"बोला, आज काय जाहीर करायचं?"

"की मी ताई आहे."

"हे तुमचं नाव?"

"नाही. हे माझं नातं आहे."

"कोणाशी?"

"भावाशी. पण भारतात सगळेच म्हणायचे. आमची सोसायटी, दूधवाला, इस्त्रीवाला."

"हे सगळे तुमचे भाऊ?"

"नाही हो."

आजोबांनी पेन खाली ठेवलं. "भारतात अशा ताई साधारण किती असतील?"

"जवळजवळ सगळ्याच."

"मग हाक मारल्यावर वळतं कोण?"

"सगळ्याच वळतात."

आजोबांनी पेन पुन्हा उचललं. मग त्यांनी सही केली. शिक्का मारला. प्रतिज्ञापत्र तयार! 'मी, मंजिरी सुधीर खरे, जिला ताई बापट असंही ओळखलं जातं, गांभीर्याने आणि प्रामाणिकपणे जाहीर करते की या दोघी एकच आहेत.' विमानतळावर विचारलं तर अडखळायला नको म्हणून मी ते पाठ केलं. भांडी घासताना म्हणत होते. रात्री झोपेतही म्हटलं, असं सुधीर सांगतो.

बारशाच्या दिवशी सकाळी मी विमानतळावर पोचले ती जाडजूड फाईल घेऊन. पासपोर्ट, व्हिसाचं पत्र, लग्नाचा दाखला, जन्माचा दाखला, प्रतिज्ञापत्र, आणि वरून निनादबरोबरचा लहानपणीचा राखीपौर्णिमेचा फोटो. असावा. सुधीर म्हणाला, "अगं, बारशाला निघालीस की कोर्टात?" मी फाईल छातीशी धरली आणि आत गेले.

मशीनवर नंबर टाकला. मशीनने हूं की चूं केलं नाही. बोर्डिंग पास बाहेर. ताई बापट. बाई गं, तू कोण, कुठली, एवढंही विचारलं नाही! मला ते फार बेजबाबदार वाटलं.

तुम्ही काय केलं असतं? पास घेऊन सरळ गेटकडे गेला असता ना? कोणीही शहाणा माणूस गेला असता.

मी काउंटरवर गेले.

काउंटरवर एक उंचापुरा माओरी माणूस. दंडापासून मनगटापर्यंत गोंदण, चेहराभर हसू. त्याने माझा पास बघितला आणि त्याला काय आनंद झाला! "किया ओरा, ताय! सेम नेम!" छातीवरचा बिल्ला त्याने बोटाने दाखवला. टी ए आय. मी दोनदा वाचला. माओरीत किया ओरा म्हणजे नमस्कार, आणि ताय म्हणजे समुद्राची भरती, म्हणे. आणि आमच्यात? आमच्यात भरती फक्त फाईलची.

बरं, आता तरी गप्प बसावं? माणूस आपणहून नाव बरोबर म्हणतोय, त्याला ते ओळखीचं आहे, त्याला शंकासुद्धा नाही. पण नाही! खरेपणा अंगात भिनलेला ना.

"खरं सांगायचं तर," मी म्हटलं, "मी ताई नाही."

"तू ताय नाहीस?"

"ताई मला भाऊ म्हणतो. तो क्राइस्टचर्चला असतो."

"ताय क्राइस्टचर्चला आहे?"

"तिथे मी ताई आहे. इथे मी मंजिरी. हा बघा पासपोर्ट."

त्याने पासपोर्ट बघितला. पास बघितला. माझ्याकडे बघितलं. "म्हणजे आज ताय बापट प्रवास करणार नाहीये?"

आणि इथे, मंडळी, मी ते वाक्य बोलले. अगदी स्पष्ट उच्चारात. "ताई बापट या नावाने आज कोणीही प्रवास करणार नाही."

"स्वीट अॅज," तो म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत 'झकास', आणि टकाटक काहीतरी टाइप केलं. मला वाटलं, झालं! नाव बदललं. एवढंसं काम होतं. मी फाईल मिटली आणि विजयी मुद्रेने उभी राहिले.

"सॉर्टेड," तो म्हणाला. "आता मंजिरी, तुझ्यासाठी काय करू?"

"माझा बोर्डिंग पास द्या."

"शुअर. तुझं बुकिंग आहे?"

त्याने नाव बदललं नव्हतं, ताईचं बुकिंगच रद्द केलं होतं.

शाळांच्या सुट्ट्या होत्या, विमान गच्च भरलेलं. ताईची सीट रिकामी झाल्या झाल्या वेटिंगवरच्या एका पोराला गेली. पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, पाठीला सॅक. "चीअर्स, ताय!" असं ओरडत तो माझ्यासमोरून गेटकडे पळाला. कोणत्या ताईला म्हणाला, देव जाणे.

मी प्रतिज्ञापत्र काढलं. त्या माणसाने ते अख्खं वाचलं, आणि त्याचा चेहरा इतका पडला की मलाच त्याला धीर द्यावासा वाटला. "हे आधी का नाही दाखवलंस?" तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "आणि मुळात दाखवलंस कशाला? आम्ही विचारतच नाही."

बिचाऱ्याने पुढच्या विमानात जागा करून दिली. एक पैसा जास्त घेतला नाही. वर विचारलं, "परतीचं तिकीट आहे तसं ठेवू? ताय?"

"अजिबात नाही!" मी म्हटलं. "जायचं, यायचं, दोन्ही पासपोर्टप्रमाणे."

हे लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

निनादला फोन केला.

"निनाद, मला विमानातून काढलं."

"काय? कोणी?"

"ताईने."

"कोण ताई? तू ताई आहेस ना?"

"इथला ताई. तो ताई."

"ताई, तू काही खाल्लंयस का सकाळपासून?"

सगळं ऐकून त्याने आधी घड्याळ बघितलं असणार. मग म्हणाला, "हॉल एक वाजेपर्यंतच आहे गं. सगळे आलेत. बाळ आत्ता शांत आहे. शलाका..."

"शलाकाला म्हणावं पाळण्याला हात लावायचा नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या बाकावरचे आजोबा उठून दुसरीकडे गेले.

पण खरं सांगते, फोन ठेवला आणि मला रडू आलं. चेष्टा नाही. इथे ना आई, ना काकू, ना मावशी. त्या पोरीचं बारशाला येणारं जवळचं रक्ताचं माणूस म्हणजे मी, आणि मीसुद्धा माझ्याच तोंडाने माझी सीट घालवून बसलेली. ती फाईल मांडीवर घेऊन मी मुसमुसत होते. काउंटरवरचा ताय मुद्दाम येऊन मला चहा देऊन गेला. या वेळी मी त्याला काही समजावून सांगितलं नाही.

क्राइस्टचर्चला उतरले, टॅक्सी केली, हॉलमध्ये शिरले तेव्हा एक वाजायला आला होता. घुगऱ्या गार झाल्या होत्या. लोकांनी घड्याळाकडे बघणं सोडून जेवणाच्या टेबलाकडे बघायला सुरुवात केली होती. पाळण्याशेजारी शलाका. जांभळी पैठणी, नथ, गजरा. इथे गजरा कुठून आणते कोण जाणे! आणि तिच्या बाजूला लिंडा, घट्ट पँट घालून, काखेत मॅट धरून. तिला अजून कोणी सांगितलंच नव्हतं.

शलाका मला बघून बाजूला झाली. "ये बाई. तुझीच वाट बघतोय. पण आटप."

निनादने माझ्या कानात नाव सांगितलं. रेवा. किती गोड नाव! मी पर्स फेकली, पदर खोचला, पाळण्यात वाकले. पोरगी टक्क डोळे उघडून माझ्याकडे बघत होती. मागून बायकांचे धपाटे सुरू झाले. लिंडाला वाटलं हाच व्यायाम. तिने असा काही दणका घातला की माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. मी म्हटलं "कुर्रर्र", आणि पुढे? आठवडाभर जे घोकलं होतं, तेच बाहेर आलं.

"मी, मंजिरी सुधीर खरे, जिला ताई बापट असंही ओळखलं जातं..."

धपाटे थांबले.

शलाका हळूच खाली वाकली. "ताई, तिला तुझा आयडी नकोय गं. नाव सांग."

मग सांगितलं. रेवा. कानात, नीट, तीनदा. पोरगी हसली म्हणे, मला काही दिसलं नाही, डोळ्यांत पाणी होतं. लिंडाच्या दणक्याचं म्हणा हवं तर. नाव मी तिचं ठेवलं, आणि जेवणाच्या पंगतीत सगळ्यांनी नावं मला ठेवली. विनयभाऊजींना व्हिडिओ कॉलवर कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पण वहिनी, जर पासपोर्ट नसताच, तर?"

दुसऱ्या दिवशी परत निघाले ती मी अगदी सुधारून. फाईल मोठ्या बॅगेत तळाशी, बॅग सामानात. आता कोणी काही म्हणो, भाऊ म्हणतो ती मी. ताई तर ताई! मशीनवर नंबर टाकला, पास बाहेर आला, तो मी वाचलासुद्धा नाही. घडी करून पर्समध्ये. दाखवायचं नाही, विचारायचं नाही, समजावून सांगायचं नाही. सुटसुटीत.

गेटसमोर बसले. शलाकाने ग्रुपवर बारशाचे फोटो टाकले होते, त्यात मी फक्त पाठमोरी होते. म्हणून मी माझे फोटो टाकत होते, एकेक निवडून. मान वर करायला फुरसत नव्हती.

तेवढ्यात घोषणा सुरू झाली. "पॅसेंजर मॅनजीरी कॅरी, पॅसेंजर मॅनजीरी कॅरी." मी वळलेसुद्धा नाही. पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा. "मॅनजीरी कॅरी, फायनल कॉल."

काय एकेक माणसं असतात! आमचंच विमान खोळंबलं होतं त्या बाईपायी. ती एकदाची सापडली की मग आम्हाला बोलावतील, असा मी हिशोब केला, आणि शेजारी बसलेल्या मुलीला म्हटलंसुद्धा, "बघ, एकीला काळवेळ नाही म्हणून सगळ्यांना ताटकळायला लागतं." तिने मान हलवली.

शेवटी गेटचं दार लागलं. बरं झालं, म्हटलं, चांगली अद्दल घडेल त्या कॅरीबाईला.

आणि आपला नंबर कधी लागतोय ते बघावं, म्हणून पर्समधून पास काढला.